गॅरेजपर्यंत न पोचणारा रिमोट

१

खोकं जागच्या जागी होतं. वरची चिकटपट्टी तेवढी उचकटलेली, आणि आत चुरगाळलेल्या वर्तमानपत्रांखेरीज काही नव्हतं. एइनो विर्ताने दोनदा हात घालून चाचपलं, मग खोकं फरशीवर उपडं केलं आणि गॅरेजमधूनच ओरडला, "बर्निस, मायरन गेला!"

बर्निसच्या नवऱ्याला, मायरन फेडोरुकला, जाऊन तशी दोन वर्षं झाली होती. एइनो बोलत होता ते त्याच्या मुखवट्याबद्दल. १९७४ साली कॅनडातल्या थंडर बेच्या कागद गिरणीच्या आइस हॉकी संघाने करंडक आणला, तेव्हा गोलात मायरन उभा होता आणि त्याच्या तोंडावर हा मुखवटा होता. त्यावरचा दात विचकलेला पाइक मासा बर्निसने रंगवला होता, लग्नाच्याही आधी, आईच्या स्वयंपाकघरात बसून. पन्नास वर्षं तो तळघरात काचेच्या कपाटात होता. येत्या शनिवारी तो गावच्या क्रीडा संग्रहालयात जायचा होता. म्हणून तर गुरुवारी दुपारी बाराला बर्निसने तो स्वतःच्या हाताने खोक्यात भरून गॅरेजच्या फळीवर ठेवला, आणि तीन वाजता खोकं रिकामं निघालं.

साडेतीनपर्यंत चोर कोण ते बर्निसबाईंनी ठरवूनही टाकलं होतं. घरात त्या दिवशी बाहेरचा माणूस एकच होता. डारिओ बोर्तोलिन, तळघरातल्या होम थिएटरला नवा रिमोट बसवायला आलेला कारागीर. गॅरेजमध्ये त्याची वायरींची भेंडोळी पडली होती आणि अडीचला तो सगळं गुंडाळून निघून गेला होता. पोलीस आला, त्याने गॅरेज पाहिलं, लाकडांची शेड पाहिली, डारिओची व्हॅन गावात गाठून तीही पाहिली. मुखवटा कुठेच नव्हता. "उद्या बाराला येऊन रीतसर जबानी घेतो," असं सांगून तो गेला.

बर्निसबाई मात्र उद्यापर्यंत थांबणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्यांनी फोन उचलला. ज्यांच्या घरी पुढच्या महिन्यात डारिओ जायचा होता अशा तीन मैत्रिणी त्यांना ठाऊक होत्या. संध्याकाळी सहाच्या आत दुकानात तीन निरोप आले होते. काम करून घेऊ, पण तो माणूस नको.

२

"नोकरी जाईल ते जाईल," डारिओ म्हणाला. "पण या गावात मला पुन्हा कोण घरात घेईल, हिल्का?"

शुक्रवारी सकाळचे आठ. फेडोरुकांच्या घरासमोर दुकानाची व्हॅन उभी होती आणि आत दोघं बसले होते. हिल्का नुर्मी सव्वीस वर्षं या धंद्यात होती. निम्म्या गावाच्या तळघरांत तिने तारा ओढल्या होत्या आणि या डारिओलाही तिनेच शिकवलं होतं. उरलेलं काम पुरं करायला मालकाने तिला पाठवलं होतं. डारिओला घरात पाऊल टाकायची बंदी होती. तरी तो आला होता.

या धंद्यात लोक किल्ली पायपुसण्याखाली ठेवून कामावर जातात. कारागिराकडे हत्यारं किती आणि कसली, हे कुणी विचारत नाही. विचारतात ते एवढंच, माणूस विश्वासाचा आहे ना? तेवढं एक गेलं की मागे काही उरत नाही, आणि एकतीस वर्षांच्या डारिओचं तेच जायच्या बेतात होतं.

"घेतलास का मुखवटा?" हिल्काने विचारलं.

"तू पण?"

"मी एकदाच विचारते. घेतलास?"

"नाही."

"संपलं. आता रडगाणं बंद कर आणि कालचा दिवस सांग. बारा वाजायला चार तास आहेत, तेवढे मला पुरतात."

डारिओने सांगितलं. यंत्रं जिन्याखालच्या बंद कपाटात. जुन्या रिमोटच्या अदृश्य प्रकाशाला यंत्राचा डोळा समोर लागतो, म्हणून इतकी वर्षं कपाटाचं दार उघडं टाकावं लागायचं. नव्याचं काम रेडिओ लहरींवर. त्या दारातून, भिंतीतून जातात, कपाटात बसवलेला रिसीव्हर त्या पकडतो, आणि तारेच्या टोकाला असलेल्या छोट्या टिकल्यांमधून एकेका यंत्राला हुकूम देतो. दहाला सगळं चिकटवून झालं. अकराला त्याने रिमोट हातात घेऊन घरभर फिरून पोच तपासली, शिरस्त्याप्रमाणे, आणि तक्त्यावर लिहिली. दीडला गॅरेजमधली आवराआवर सुरू केली. पावणेदोन ते सव्वादोन तो इथेच, रस्त्यावर, व्हॅनमध्ये बसून डबा खात दुकानाशी फोनवर बोलत होता. मग उरलेलं सामान उचललं आणि अडीचला निघाला.

"म्हणजे अर्धा तास गॅरेज मोकळं होतं. मग बाईंना दुसऱ्या कुणाचा संशय का नाही?"

डारिओने तक्ता पुढे केला. "हे माझंच अक्षर. यानेच मला बुडवलंय."

३

"मला काय खुळी समजलीस?" बर्निसबाई म्हणाल्या. वय शहात्तर, पाठ ताठ, हातात कॉफीची किटली. "माझ्या पुतण्यावरही संशय घेऊन झालाय माझा. घरात होतो कोण? मी, हा एइनो आणि किर्बी. मी आणि एइनो एकपासून तीनपर्यंत या टेबलावरून उठलो नाही. किर्बीही दीडपर्यंत इथेच जेवत होता, मग खाली थिएटरमध्ये टीव्ही बघायला गेला."

"खाली होता हे पाहिलंत?"

"ऐकलं! दीडपासून सव्वादोनपर्यंत. चॅनल बदलत होता, आवाज कमीजास्त करत होता. टीव्ही आपला आपण चॅनल बदलत नाही, मुली. आणि त्यानंतर दहा मिनिटांत तो वर येऊन आमच्यासोबत कॉफी प्यायला बसला. तिथून पोलीस येईपर्यंत माझ्या डोळ्यासमोर होता."

"तळघराला अंगणात उघडणारं दार आहे."

"आहे. म्हणून मी सगळ्यात आधी तेच विचारलं, हा नवा रिमोट बाहेरून चालतो का? तर तुमच्या त्या माणसाने लिहून दिलेलं होतं." त्यांनी तक्त्यावर बोट ठेवलं. "तळघर, चालतो. जिना, चालतो. स्वयंपाकघराचं दार, अडखळत. गॅरेज, चालत नाही. अंगण, चालत नाही. खाली सही. आता बोल."

हिल्काने तक्ता जवळ ओढून पाहिला. डारिओचे तक्ते ती ओळखून होती. तो एका पावलाचीही थाप मारणारा नव्हता. नेमकी त्याच्या खरेपणाचीच त्याला फाशी बसली होती, आणि याचा तिला मनापासून राग आला.

एइनो विर्ता टेबलाशी बसून वेलदोड्याच्या पावाचा तुकडा कॉफीत बुडवत होता. मायरनबरोबर तो त्याच संघात बचावाला खेळायचा. शेजारच्या घरात राहायचा आणि जवळजवळ रोज इथेच असायचा.

"तुम्हाला हवा होता म्हणे मुखवटा," हिल्काने त्याला विचारलं.

"हवा होता ना! दोनदा मागितला. दोनदा हिने माझा अपमान केला."

"एकदा," बर्निसबाई म्हणाल्या. "दुसऱ्यांदा नुसती हसले."

"तेच जास्त लागलं." एइनोने पाव तोंडात टाकला. "पण पोरी, चोरला असता तर मी खोकं उपडं करून बोंब कशाला ठोकली असती? शनिवारी जाणार म्हणून एकदा शेवटचा बघावा, म्हणून गेलो होतो."

"काल खालून काय ऐकू येत होतं?"

"परवाचा सामना परत दाखवत होते. मी म्हटलं बरं झालं, इथूनच ऐकू. आणि ऐन बरोबरीवर, आमचा गडी एकटा चकती घेऊन गोलाकडे सुटलेला, तेवढ्यात या किर्बीने चॅनल बदललं! पुढची दहा मिनिटं एक बाई तवे विकत होती. माझा जीव नुसता कासावीस झाला."

"किर्बीला हॉकी आवडत नाही?"

"त्याला? बापाच्या अंत्ययात्रेत कानात वायर घालून सामना ऐकत होता तो!"

हिल्काने कॉफीचा कप खाली ठेवला. हॉकीवेडा माणूस ऐन मोक्याला चॅनल बदलतो आणि दहा मिनिटं तवे बघत बसतो. असं कधी होतं? समोरचा पडदा त्याला दिसत नसेल तेव्हाच. पण तक्ता म्हणत होता, ते शक्यच नाही.

४

किर्बी फेडोरुक तळघरातच सापडला. चाळिशीचा, धिप्पाड, चेहऱ्याने हसतमुख. मायरनच्या धाकट्या भावाचा मुलगा. सप्टेंबरपासून काकूकडे राहायला आला होता, छपराची डागडुजी करायला म्हणून, आणि छपराला अजून हात लागलेला नव्हता.

"आलात? बघा बुवा, नीट लावून द्या," तो म्हणाला. "वाईट वाटलं त्या पोराचं. चांगला वाटला होता. पण दारासमोर असं काही पडलेलं दिसलं की मोह होतो माणसाला."

"होतो खरा," हिल्का म्हणाली. तिने टॉर्च काढून जिन्याखालचं कपाट उघडलं आणि गुडघ्यांवर बसली. किर्बीकडे पाठ करून बोलणं तिला सोयीचं वाटलं. समोर बघणाऱ्यापुढे माणूस तोलून बोलतो, पाठमोऱ्या कारागिरापुढे वाटेल ते बडबडतो. "काल दुपारी तुम्हीच वापरलात ना पहिल्यांदा? काही अडलं का? मला रिसीव्हर हलवावा लागेल का ते बघते आहे."

"मी नाही हात लावला त्या नव्या रिमोटला. कुठे होता देव जाणे. सोफ्याच्या फटीत वगैरे असेल."

"मग चॅनल कसे बदललेत?"

"जुना होता की टेबलावर. कपाटाचं दार उघडं टाकलं आणि लागलो बदलायला. इतकी वर्षं तेच करतोय. तुमची ती नवी थेरं म्हाताऱ्या माणसांना."

"आवाज पण जुन्यानेच?"

"सगळं जुन्यानेच. अगदी छान चालतो."

"बरं झालं सांगितलंत," हिल्का म्हणाली, आणि तिचा आवाज इतका साधा होता की किर्बी शीळ घालत वर निघून गेला.

ती मात्र टॉर्चच्या उजेडात चॅनलच्या डब्याकडे बघत बसली. डब्याच्या डोळ्यावर डारिओने टिकली चिकटवली होती, आणि तिच्यावर हरभऱ्याएवढी काळी टोपी, चारही बाजूंनी दाबून. आवाजाच्या यंत्रालाही तसंच. बाहेरचा भलताच प्रकाश आत जाऊ नये म्हणून ती घालायची, हे तिनेच त्याला शिकवलं होतं. तिने टेबलावरचा जुना रिमोट उचलला, डब्यासमोर वीतभर अंतरावर धरला आणि सगळी बटणं एकापाठोपाठ एक दाबली.

काहीही झालं नाही.

५

खोटं तर सापडलं. पण खोटं बोलला म्हणजे चोरी केली असं होत नाही, आणि बारा वाजता पोलिसाच्या हातात तो तक्ता पडणारच होता. गॅरेज, चालत नाही. हिल्काने सोफ्याच्या फटीतून नवा रिमोट काढला आणि रिसीव्हरकडे मान वळवली.

डारिओने तो कपाटाच्या आतल्या बाजूला, लोखंडी चौकटीपासून चांगला लांब बसवला होता. बोटभर अँटेना उभी, तारा नीट बांधलेल्या. चूक काढायला जागा नव्हती. रिसीव्हरवर मोहरीएवढा लाल दिवा होता. लहर पोचली की तो लुकलुकतो. आता तो विझलेला होता, जसा असायला हवा तसा.

आणि मग तिची नजर शेजारी गेली. जिन्याखालच्या कपाटाला खेटूनच काचेचं कपाट होतं, मुखवट्याचं. आत मोकळा खिळा आणि अंधार.

ती जिन्याशी जाऊन ओरडली, "फेडोरुकबाई! या कपाटातले दिवे कधी बंद केलेत?"

"काल बाराला," वरून आवाज आला. "मुखवटा काढला तेव्हा. रिकाम्या कपाटात दिवे कशाला जाळायचे?"

"आणि सकाळी?"

"चालूच होते! मायरन गेल्यापासून मी ते कधी बंद केले नव्हते." बर्निसबाई जिना उतरून खाली आल्या, मागोमाग एइनो. "दिव्यांचा काय संबंध?"

"बटण दाबा."

बर्निसबाईंनी दाबलं. काचेच्या कपाटात वरपासून खालपर्यंत पांढरे एलईडी उजळले. त्याच क्षणी जिन्याखालच्या रिसीव्हरवरचा लाल दिवा भांबावल्यासारखा फडफडायला लागला. रिमोट हिल्काच्या खिशात होता. कुणीही बटण दाबलेलं नव्हतं.

"हे दिवे आहेत स्वस्तातले," हिल्का म्हणाली. "त्यांच्या पाठीमागचा जो डबा आहे ना, तो सतत रेडिओचा गोंगाट करतो. आपल्याला ऐकू येत नाही, रिसीव्हरला येतो. लग्नाच्या बँडशेजारी उभ्या असलेल्या माणसाला लांबून हाक मारली तर त्याला काय ऐकू येणार? डारिओने पोच तपासली अकराला, बँड वाजत असताना. तुम्ही बँड बंद केलात बाराला. आता बंद करा परत, आणि एइनो, तुम्ही फोन कानाला लावून इथेच टीव्हीसमोर बसा. मी बाहेर चालले."

एइनो सोफ्यात बसला. हिल्का रिमोट घेऊन अंगणाच्या दाराने बाहेर पडली, बर्निसबाई तिच्या मागून. सुपीरियर सरोवरावरून बोचरा वारा सुटला होता. गॅरेजमध्ये, रिकाम्या खोक्याशेजारी उभी राहून हिल्काने बटण दाबलं.

"बदललं!" फोनमधून एइनो ओरडला. "दाब अजून! परत बदललं!"

बर्निसबाईंनी गॅरेजच्या फळीला हात टेकला. चेहऱ्यावरचा रंग उतरला होता. त्या म्हणाल्या, "तो तक्ता खोटा होता?"

"खरा होता. अकराला खरा होता. दिवे विझल्यावर पुन्हा तपासायला हवं होतं, ते त्याने केलं नाही. चूक एवढीच, आणि ती त्याला अजून ठाऊकही नाही."

"पण मग मुखवटा कुठे आहे?"

"ते रिमोटलाच विचारू," हिल्का म्हणाली, आणि चालायला लागली.

६

तिचा हिशोब सरळ होता. दीड ते सव्वादोन चॅनल बदलत होते, म्हणजे तेवढ्या वेळात किर्बी रिमोटच्या पोचेबाहेर गेलेला नाही. सव्वादोननंतर दहा मिनिटांत तो स्वयंपाकघरात होता आणि तिथून पुढे बर्निसबाईंच्या डोळ्यासमोर. त्याचा ट्रक हललेला नव्हता, पोलिसाने तोही पाहिला होता. मग मुखवटा या वर्तुळाच्या आत, किंवा त्याच्या काठावर असायला हवा. वर्तुळ तेवढं मोजायचं होतं.

लाकडांच्या शेडशी एइनो ओरडला, "बदललं!" ती तर पोलिसाने पाहिली होती. पुढे दहा पावलांवर साउनाची, वाफेने अंग शेकायची खोली. "बदललं!" साउना ओलांडून होडीच्या खोपटाकडे उतरणाऱ्या पायऱ्यांवर तिने बटण दाबलं. फोन गप्प. पुन्हा दाबलं.

"काही नाही," एइनो म्हणाला. "तो दाढीवाला अजून हवामानच सांगतोय."

हिल्का वळली. बर्निसबाई साउनाच्या दाराकडे बघत होत्या.

"इथे कुणी पाहिलं नाही," त्या हळू म्हणाल्या. "गुरुवारी कोण कशाला साउना उघडेल?"

"कुणीच नाही. शनिवार संध्याकाळशिवाय या गावात ते दार कुणी उघडत नाही, पोलीससुद्धा नाही. त्याचं नाव लायटिनेन, अस्सल फिनिश घरचा, त्याला तर सुचणारच नाही."

आत थंडगार लाकडाचा आणि बर्चच्या सालीचा वास होता. वरच्या फळीवर बादली, डाव, कोरड्या डहाळ्यांची जुडी. खाली सरपणाची पेटी. हिल्काने वरचे चार ओंडके बाजूला केले, आणि टॉवेलच्या घडीतून पाइक माशाने त्यांच्याकडे बघून दात विचकले.

बर्निसबाईंनी मुखवटा उचलला. एकदा छातीशी धरला, मग लगेच हातभर लांब धरला, कुणी बघेल म्हणून.

"काकू," मागून आवाज आला.

किर्बी अंगणात उभा होता. चेहऱ्यावरचं हसू अजून पुरतं गेलं नव्हतं, पण ते आता कुठे ठेवावं हे त्याला कळत नव्हतं.

"मी काही बोलायच्या आत," बर्निसबाई म्हणाल्या, "तूच बोल."

त्याने एकदा हिल्काकडे पाहिलं. "त्यांना विचार. या मोठ्या हुशार दिसतात."

"जुन्या रिमोटने चॅनल बदललेत म्हणालात," हिल्का म्हणाली. "सकाळी दहापासून त्या डब्याचा डोळा बंद आहे. जुन्याने तुम्ही काल दिवसभर बटणं दाबली असतीत तरी ढिम्म हलला नसता. आणि हॉकी सोडून तवे बघणारे फेडोरुक मी तरी अजून पाहिले नाहीत."

किर्बी हसला, आणि मग एकदम थकल्यासारखा सरपणाच्या ढिगावर टेकला. "ठरवून नाही केलं. रिमोट जाकिटाच्या खिशात राहिला होता. गॅरेजच्या फ्रिजमधून बियर घ्यायला वाकलो, खिशातलं बटण दाबलं गेलं आणि खाली सामना बोंबलायला लागला. म्हटलं, अरेच्चा! इथून चालतो. तो बोर्तोलिन तर मघाशीच सांगत होता चालत नाही म्हणून. आणि समोर खोकं. मग अधूनमधून बटणं दाबत राहिलो, म्हणजे तुम्हाला मी खालीच वाटेन." त्याने नाक पुसलं. "विनिपेगला एक माणूस आहे, असल्या वस्तू जमवणारा. पण ते नंतर सुचलं. काका मला लहानपणी तो घालू द्यायचा, गल्लीत. म्हणायचा, एक दिवस तुझाच आहे."

"मग मागायचा होतास."

"मागितला असता तर दिला असतास?"

बर्निसबाईंनी विचार केला. खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती. "नसता दिला," त्या म्हणाल्या. "पण दुसऱ्याच्या गळ्यात चोरीचं लोढणं तरी अडकलं नसतं. काल रात्री तू माझ्यासमोर बसून जेवलास, किर्बी. वर 'वाईट वाटलं त्या पोराचं' म्हणालास. मुखवट्याचं मी एक वेळ विसरेन. ते नाही."

किर्बी सरपणाच्या ढिगावरून उठला.

"बाराला लायटिनेन येईल. त्याला तू सांगायचंस, मी नाही. आता आत जा आणि सामान बांध."

७

डारिओ व्हॅनमधून उतरला तेव्हा त्याला काय झालंय ते ठाऊक नव्हतं. बर्निसबाई मुखवटा हातात घेऊन रस्त्यापर्यंत आल्या होत्या, घरच्या सपाता घालून.

"आत ये," त्या म्हणाल्या.

"पोलीस येईपर्यंत मी बाहेरच..."

"आत ये म्हणते ना."

स्वयंपाकघरात एइनोने त्याला खुर्ची दिली आणि न विचारता पावाचा मोठा तुकडा पुढे ठेवला. हिल्काने चार वाक्यांत सगळं सांगितलं. डारिओने पाइक माशाकडे नीट पाहिलंसुद्धा नाही. तो एवढंच म्हणाला, "दिवे. हिल्का, मी दिव्यांकडे बघितलंच नाही."

"नाही बघितलंस. पुढच्या वेळी बघशील. खा."

"माफ कर म्हणून भागणार नाही," बर्निसबाई म्हणाल्या. त्या उभ्याच होत्या. "मी घरात बोलले असते तर घरात माफी मागितली असती. मी गावात बोलले." आणि त्यांनी भिंतीवरचा फोन उचलला.

पहिल्या मैत्रिणीला त्या म्हणाल्या, "मी काल तुला बोर्तोलिनबद्दल सांगितलं ते खोटं होतं. चोर माझ्याच घरातला निघाला. हो, किर्बी. त्याला कामाला बोलाव, आणि मी सांगितलं म्हणून बोलाव." दुसरीने बरेच प्रश्न विचारले, बाईंनी एकही टाळला नाही. तिसरी बहुधा हसली, कारण बर्निसबाईंचा कान लाल झाला, पण त्यांनी तेच सगळं पहिल्यापासून पुन्हा सांगितलं. डारिओ टेबलावरच्या चुऱ्याशी बोटाने खेळत ऐकत होता.

तिसरा फोन ठेवून त्या वळल्या. "झालं. आणखी कुणाला बोलले असेन तर सांग."

डारिओने मान वर केली. "माझ्या आईला," तो म्हणाला. "काल संध्याकाळी, बेकरीच्या रांगेत. बारा माणसं होती म्हणाली."

बर्निसबाईंना आठवलं होतं, ते त्यांच्या तोंडावर दिसत होतं. असुंता बोर्तोलिन आणि त्या चाळीस वर्षं एकाच क्लबात कर्लिंग, म्हणजे बर्फावर दगड सरकवायचा खेळ, खेळत होत्या.

"नंबर सांग."

"पाठ आहे तुम्हाला."

त्यांना पाठ होता. त्यांनी तो सावकाश फिरवला. पलीकडे उचलल्याचा आवाज झाला.

"असुंता, मी बर्निस. काल मी तुझ्या मुलाला चोर म्हटलं, सगळ्यांसमोर. तो चोर नाही. मी चुकले. उद्या त्याच बेकरीत, त्याच वेळी येऊन मी हे पुन्हा मोठ्याने सांगणार आहे."

पलीकडून जे उत्तर आलं ते टेबलापर्यंत सगळ्यांना ऐकू आलं. "मी तुला कालच सांगितलं होतं!" आणि फोन आपटला गेला.

बर्निसबाई फोन हातात धरून तशाच उभ्या राहिल्या. "ठेवला," त्या म्हणाल्या. "वर्षभर बोलणार नाही ती माझ्याशी."

"दोन वर्षं," डारिओ म्हणाला. "मी ओळखतो तिला." आणि कालपासून पहिल्यांदाच त्याला हसू आलं. ते आवरेना, तेव्हा त्याने तोंड ओंजळीत लपवलं. त्याचे खांदे बराच वेळ हलत राहिले. बर्निसबाईंनी फोन जागेवर ठेवला, त्याच्या शेजारची खुर्ची ओढली आणि त्याच्याजवळ बसून राहिल्या.